शिवू नकोस, धावू नकोस

मी भित्रा होतो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे दिल्लीच्या शर्यतीचं वाचताना कोणाचा गैरसमज व्हायला नको. काशीत राहून भिऊ नये अशी एकही गोष्ट मला सापडली नव्हती. गल्लीतला सांड, गच्चीवरचं वानर, पावसाळ्यात फुगलेली गंगा, आणि या सगळ्यांच्या वरताण तात्या, म्हणजे माझे वडील. तात्या कधी हात उगारत नसत, आवाज चढवत नसत. ते नुसते जेवत नसत. सोवळ्यात काही चुकलं, कोणी कोणाला शिवलं, की ताटावरून शांतपणे उठत, हात धुवून पोथी घेऊन बसत आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत अन्नाला तोंड लावत नसत. ते जेवले नाहीत की आईही जेवत नसे. एकदा एका वानरानं स्वयंपाकघरात शिरून आईच्या पदराला हात लावला. वानराच्या शिवण्यानं सोवळं मोडतं की नाही, याबद्दल आमच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या शास्त्रीमंडळींत दुमत झालं, आणि त्यांचं एकमत होईपर्यंत इकडे वरण आंबलं. आम्ही मुलं हसलो खरं, पण तोंड भिंतीकडे करून हसलो.

आमचे पूर्वज कधीकाळी पुण्याकडून आले आणि इथंच राहिले. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि देवघरात संस्कृत, असा आमचा संसार होता. तात्या वैदिक. पहाटेपासून त्यांचं पठण सुरू होई आणि त्या आवाजाला शेजारच्या हलवायाच्या कढईतल्या कचोऱ्यांचा वास चिकटलेला असे. आजही कुठे वेदपठण ऐकलं की मला भूक लागते, हे कोणाला सांगायची सोय नाही. देवाच्या पूजेला नळाचं पाणी चालत नसे. ते अमृतराव घाटावरून आणायचं. घाटावर डुबकी मारायची, ओलेत्यानंच तांब्याची कळशी भरून खांद्यावर घ्यायची, पायऱ्या चढायच्या आणि गल्लीतून घरापर्यंत यायचं, कोणालाही न शिवता. वाटेत कोणाचा नुसता धक्का लागला तरी पाणी ओतून द्यायचं, परत घाटावर जायचं, परत डुबकी, परत पायऱ्या. आमची गल्ली अशी, की समोरून गाय आली तर माणसानं कोणाच्या तरी ओट्यावर चढावं. त्यातून दूधवाले, यात्रेकरू, फुलांच्या टोपल्या आणि मधूनच एखादी तिरडी. जाड्याच्या, म्हणजे थंडीच्या, दिवसांत धुक्यात माणूस अंगावर आल्यावरच दिसे. 

हे काम आधी दादाचं होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. लहानपणी त्याला ताप येऊन सांधे सुजले होते आणि तेव्हापासून जिना चढताना तो मध्येच थांबून कठड्याला धरत असे. पण मुंज झालेला थोरला मुलगा घरात असताना देवाचं पाणी दुसरं कोण आणणार? त्याला कोणी सूट दिली नाही आणि त्यानं मागितलीही नाही. एका जाड्याच्या सकाळी तो पाणी घेऊन आला तेव्हा त्याचे ओठ जांभळे झाले होते. मला वाटलं, थंडीनं. देवघराच्या उंबऱ्यापाशी तो कळशीसकट भिंतीला टेकला. आई समोरच होती, पण तिची अंघोळ व्हायची होती. तिनं हात पुढे केला. दादा म्हणाला, "शिवू नकोस, आई. पाणी फुकट जाईल." आणि आईनं हात मागे घेतला. दादा हळूच खाली बसला, एक थेंब न सांडता त्यानं कळशी जमिनीवर टेकवली आणि मान टाकली. मग आईनं त्याला कवेत घेतलं, तात्या धावत आले, शेजारपाजार जमला. गल्लीतले लोक पुढे कितीतरी दिवस म्हणत होते, पोरगा धावत आला असेल, छाती फुटली.

सुतक फिटल्यावर कळशी माझ्याकडे आली. मी तेव्हा अजून चड्डीत वावरणारा मुलगा, खांद्यावर कळशी नीट बसतही नव्हती. पहिल्या दिवशी निघताना तात्या म्हणाले, "कोणाला शिवू नकोस." आणि आईनं दारापर्यंत येऊन हळूच सांगितलं, "धावू नकोस रे विनू. गल्ली काही पळून जात नाही." दोघांचंही ऐकायचं मी मनापासून ठरवलं होतं. पण त्या गल्लीत हळू चालणारा माणूस शिवल्याशिवाय राहात नाही, हे दोन दिवसांत कळलं. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी मी तीनतीनदा बुडालो आणि दातखीळ बसायची वेळ आली. इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये मी ओलेत्यानं कुडकुडत. तेव्हा मी धावायला लागलो. गर्दीत फट दिसली की तिच्यातून निसटायचं, समोरच्याचा खांदा वळायच्या आत आपण वळायचं, कळशीवर एक हात, आणि सगळा वेळ छातीतली धडधड ऐकत राहायचं, की आता फुटते की मग फुटते. आमच्या कोपऱ्यावर एक बंद पडलेलं दुकान होतं. त्याच्या फळीपाशी थांबून मी श्वास जागेवर आणी आणि मगच घरात शिरे. कारण आत आई उभी असायची. मी सोवळ्यात, ती ओवळ्यात, तिला माझ्या छातीला हात लावता येत नसे. ती चार हातांवरून म्हणे, "श्लोक म्हण." मी विष्णूचा एक श्लोक एका दमात म्हणायचा, आणि ती डोळे मिटून ऐकायची. आवाज कुठे तुटला नाही की वळून चुलीकडे जायची. असं वर्षानुवर्षं चाललं. 

कॉलेजात कवायत शिकवायला पलटणीतून परतलेले एक हवालदार होते. आम्ही सगळे त्यांना सुभेदारसाहेब म्हणत असू, म्हणजे त्यांना बढती आम्हीच दिली होती. एका सकाळी ते घाटावरून येत असताना मी त्यांच्या काखेखालून कळशीसकट निसटलो. त्याच दुपारी त्यांनी मला मैदानावर बोलावलं. "का हो पंडित, पीछे पुलिस लगल बा का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, सोवळं. त्यांना काही ते पुरतं समजलं नाही, पण त्यांनी मला दोन फेऱ्या पळायला लावलं आणि नंतर मिशीवरून हात फिरवत राहिले. मैदानाच्या दोन फेऱ्या, आठशे मीटर, हीच माझी शर्यत ठरली. घाट ते घर अंतरही साधारण तेवढंच भरत असावं. काशीत, मग अलाहाबादला, मग लखनौला मी पहिला आलो, आणि प्रत्येक वेळी एकाच युक्तीनं. पिस्तूल वाजलं की जीव मुठीत धरून सगळ्यांच्या पुढे सुटायचं आणि शेवटपर्यंत कोणालाही जवळ येऊ द्यायचं नाही. लोक टाळ्या वाजवत. खरं म्हणजे मी पळणारा नव्हतोच, पळपुटा होतो.

मग बातमी आली की दिल्लीला मोठे सामने होणार आहेत, परमुलखांतले खेळाडू येणार आहेत, अफगाणिस्तानचे, सिलोनचे, आणखी कुठले कुठले, आणि हिंदुस्थानच्या बाजूनं आठशे मीटर धावायला निवडलेल्यांत माझंही नाव आहे. अभिमान वगैरे पुढची गोष्ट. आधी घरी सांगायचं होतं. घरी मी ते जेवणं झाल्यावर सांगितलं, म्हणजे निदान तात्यांचं जेवण तरी झालेलं असेल.

तात्यांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "धावताना एकमेकांना धरतात का? कुस्तीसारखं?"

"नाही. नुसतं धावायचं असतं."

"मग जा. कोणाला शिवू नकोस. आणि परक्याच्या हातचं खाऊ नकोस."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. तात्यांच्या बोलण्यात मध्ये पडलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "त्याला हवं त्याला शिवू दे," ती म्हणाली. "हवं ते खाऊ दे. पण धावायला नको."

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "तो रोजच धावतो. मी गच्चीवरून बघतो. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी थांबतो, दम टाकतो, आणि मग तुला श्लोक म्हणून दाखवतो."

भांड्यांचा आवाज थांबला. आई बाहेर आली नाही, मला काही विचारलं नाही. जायच्या दिवसापर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि मी घरात चोरासारखा वावरत होतो. पण निघताना तिनं दशम्यांचा डबा हातात दिला. दुधात भिजवलेल्या त्या दशम्या प्रवासातही चालतात, एवढी शास्त्रानं सवलत ठेवली आहे. तात्यांनी गंगाजलाचा तोंडबंद तांब्या दिला. आई दारात म्हणाली, "येताना चालत ये." 

दिल्लीत आम्हाला तंबूंत उतरवलं होतं. माझ्या तंबूत दोन पंजाबी शिपाई होते, तेही आठशे मीटरचेच. मनमोकळी माणसं. सकाळी उठून अंडी फोडून दुधात घालत आणि मलाही पेला पुढे करत. मी दशम्या खात असे. तिसऱ्या दिवशी त्या चामड्यासारख्या झाल्या, तरी मी खात होतो आणि वर घोट घोट गंगाजल. त्यांना वाटलं मला काही रोग आहे. झोप लागत नव्हती. डोळे मिटले की दादा भिंतीला टेकलेला दिसे, आणि मी उशी छातीवर दाबून धडधड मोजत पडे. इथं मी मेलो तर आईला कोण आणि कसं कळवणार, हा विचार डोक्यातून जाईना. काशीचा माणूस दुसरीकडे मरायला भितो ते निराळंच. आमच्याकडे मरणाची भीती कमी, काशीबाहेर मरण्याची फार.

हल्लीच्या शर्यती मी टीव्हीवर बघतो. सुरुवातीला प्रत्येकाला आखलेली आपापली पट्टी देतात. मला त्या मुलांचा फार हेवा वाटतो. आमच्या वेळी सगळ्यांना एका रेघेवर खांद्याला खांदा लावून उभं करत आणि पिस्तूल वाजलं की आतल्या कडेसाठी एकच झोंबाझोंबी. दिल्लीच्या मैदानावर बाकीचे तसे उभे राहिले. मी सर्वांत बाहेर, शेजाऱ्यापासून वीतभर लांब. शेजारी काबूलचा एक उंच गडी होता. दाढी राखलेला, पोटऱ्या लाकडासारख्या. पंचानं खूण केली, "जवळ सरका." काबूलवाला सरकला आणि त्याचा दंड माझ्या दंडाला लागला. मी चटका बसावा तसा मागे झालो, आणि त्याच क्षणी पिस्तूल वाजलं.

पुढे सुटायची माझी युक्ती तिथंच संपली. आतल्या कडेला सगळा घोळका आणि बाहेरून मी एकटा, असं आम्ही पळत होतो. प्रत्येक वळणाला मला त्यांच्याहून जास्त अंतर कापावं लागत होतं. सुभेदारसाहेब काशीहून आपल्या खर्चानं आले होते. ते दोरीपलीकडून ओरडत होते, "अंदर आव! पंडित, अंदर आव!" आत जायचं म्हणजे माणसांत घुसायचं. माझे पाय काही आत वळेनात. पहिली फेरी संपताना घंटा वाजली. आमच्याकडे पाणी देवघरात पोचलं की तात्या घंटा वाजवत. इथं घंटा वाजल्यावर तेवढंच अंतर पुन्हा धावायचं होतं, आणि माझी छाती आत्ताच कानांत वाजत होती. दादाचे जांभळे ओठ मला स्पष्ट दिसले. मी धावता धावता स्वतःच्या ओठांना जीभ लावून पाहिली. 

समोरच्या सरळ वाटेवर पुढचा कोणी अडखळला, घोळका फुटला आणि काबूलवाला बाहेर फेकला गेला. तोल सावरायला त्यानं माझा खांदा पकडला. पाची बोटांनी घट्ट. आणि मी थांबलो. खोटं सांगत नाही, चार मुलखांच्या लोकांसमोर, हिंदुस्थानचं नाव छातीवर लावून, मी भर शर्यतीत थांबलो. तोंडातून "शिवू नका" असं मोठ्यानं निघालं आणि पाय वळले, मागे, जिथं घाट असायला हवा होता तिकडे. शिवलं की परत फिरायचं, हे त्या पायांना इतकी वर्षं शिकवलेलं होतं. त्यांना दिल्ली काय आणि शर्यत काय. काबूलवाल्यानं मला पाठीत तळहातानं जोराचा धक्का दिला आणि स्वतःच्या भाषेत काहीतरी हासडलं. त्याला मला उत्तेजन द्यायचं होतं असं आमची नात शाळेत सांगत असते. तसं काही नव्हतं. मी वाटेत उभा होतो.

पण त्या धक्क्यानं मी पुढे गेलो. आणि पुढे गेल्यावर लक्षात आलं, की शिवून झालेलं आहे. ओतून द्यायला कळशी नव्हती. परत जायला गंगा नव्हती. आता आणखी शिवायचं काय राहिलं होतं? शेवटच्या वळणावर ते दोघे पंजाबी शिपाई शेजारी शेजारी पळत होते आणि त्यांच्यामध्ये आमच्या गल्लीत असते तेवढी फट होती. एरवी मी अशा फटीतून अंग चोरून निघालो असतो. त्या दिवशी दोघांच्या खांद्यांना खांदे घासत, त्यांचा घाम अंगाला लावून घेत मी मधून गेलो. भीती गेली नव्हती. छाती अशी उसळत होती की आता फुटणार याची खात्रीच झाली, आणि मनात एकच होतं, फुटायचीच तर रेघेपलीकडे फुटो.

मी चौथा आलो. बिल्ले तिघांना होते. मी गवतावर पडलो, डोळे मिटले आणि मरायची वाट पाहू लागलो. आजूबाजूला लोक बोलत होते, कोणीतरी तोंडावर पाणी मारलं, ते कुठलं पाणी होतं देव जाणे. ठोके कानांत दणदणत होते. मग जरा सावकाश झाले. मग आणखी सावकाश. डोळे उघडले तेव्हा काबूलवाला शेजारी बसून धापा टाकत होता. तो सहावा आला होता आणि माझ्यावर अजून चिडलेला होता. मला प्रचंड भूक लागली. त्या संध्याकाळी मी शिपायांच्या पेल्यातलं दूध प्यालो, अंडं न घालता.

आमचा एक भाचा पुढे डॉक्टर झाला. त्यानं मला समजावून सांगितलं, की दादाच्या हृदयाची झडप त्या लहानपणच्या तापानं खराब झाली असणार. धावण्याशी तिचा संबंध नव्हता, चालला असता तरी कधी ना कधी तेच झालं असतं. माझं हृदय मात्र घोड्याचं आहे म्हणाला. हे ऐकायला आई राहिली नव्हती. आणि असती तरी हे ऐकून तिचं समाधान झालं असतं असं मला वाटत नाही. तिच्या मनात झडप नव्हतीच, तो मागे घेतलेला हात होता.

परत येताना ठरवलं होतं असं, की स्टेशनवरून थेट घाटावर जायचं, रेल्वेचा, दिल्लीचा, सगळा विटाळ धुवायचा आणि मग घरी. पण घाटाची वाट आमच्या दारावरूनच जाते. दुपारची वेळ होती. दार उघडं होतं. तात्या पूजा आटोपून पाटावर बसलेले, समोर पान मांडलेलं, आणि आई सोवळ्यानं भाताचं पातेलं घेऊन वाढायला निघालेली. मी गल्लीतच, उंबऱ्यापासून दोन पावलं लांब थांबलो. अंगावर इंजिनाच्या कोळशाची काजळी होती.

"घाटावर नाहून येतो," मी म्हटलं.

तात्यांनी मान वर केली. "शिवलास का कोणाला?"

खोटं बोलायला धीर लागतो. "हो," मी म्हटलं. "दोघांना. आणि एक जण मला शिवला. काबूलचा होता."

आईनं पातेलं खाली ठेवलं. ती माझ्याकडे बघत होती, आणि ती काय विचारणार हे ठाऊक असल्यामुळे मी आपणहून श्लोक म्हणायला सुरुवात केली, म्हणजे तिला तिथूनच कळावं. पहिली ओळही पुरी झाली नसेल. ती उंबरा ओलांडून सोवळ्यानं गल्लीत आली आणि माझ्या काजळलेल्या सदऱ्यावर, डाव्या बाजूला, तिनं कान टेकला. दोन्ही हातांनी मला धरून ठेवलं. तिचे तळवे भाताच्या वाफेनं गरम होते. माझा श्लोक तुटला. तिच्या डोक्यावरून मला तात्या दिसत होते. त्यांचा हात पानाशेजारी जमिनीवर टेकलेला, उठण्यापूर्वी टेकतात तसा. दिल्लीच्या शेवटच्या वळणावर मी भ्यालो नव्हतो इतका त्या हाताकडे बघून भ्यालो. स्वयंपाक ओवळा झाला, आता ते उठतील, मग तीही जेवणार नाही, आणि हे सगळं माझ्यापायी.

हात तिथंच राहिला. आई काही हलेना. 

"ऐकू येतंय का?" तात्यांनी विचारलं.

"येतंय," आई म्हणाली.

"नीट ऐक."

ती ऐकत राहिली. पलीकडून एक दूधवाला आला आणि वाट मिळेना म्हणून हंडा खाली ठेवून मुकाट्यानं उभा राहिला.

"येतंय," ती पुन्हा म्हणाली.

"मग ये आत. वाढ," तात्या म्हणाले, आणि जेवणाआधीच्या आपोशनाचं पाणी घ्यायला त्यांनी तळहात पुढे केला.